व्हिएतनामी जेवण घरी करताय? भातापासूनच या चुका टाळा

मराठी माणूस व्हिएतनामी घरचं जेवण करायला घेतो तेव्हा त्याच्या बहुतेक चुका एकाच सवयीतून येतात. आपल्याला भात कालवायची सवय. आमटी, कढी, ताक, रस्सा, काहीतरी ओतल्याशिवाय आपला घास होत नाही. व्हिएतनाममध्ये भात कोरा राहतो. हातात छोटा वाडगा, त्यात कोरा भात, मधोमध मांडलेल्या ताटल्यांमधून चॉपस्टिकनं उचललेला एखादा तुकडा, त्याच्याबरोबर भाताचे दोन घास, मग दुसऱ्या ताटलीतला तुकडा. बाकी सगळं तोंडी लावणं. हे ध्यानात न घेता नुसती रेसिपी पाहून केलं की मांस खारट लागतं, सूप पाणचट वाटतं आणि भात अळणी.

फो (नूडल्सचं रस्सेदार सूप) आणि स्प्रिंग रोल थोडा वेळ विसरा. फो हा तिथं मुख्यतः सकाळचा आणि बाहेर जाऊन खायचा पदार्थ. घरच्या दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात भात, एक खारट पदार्थ (मासा, डुकराचं मांस, अंडी किंवा टोफू), एक उकडलेली किंवा परतलेली पालेभाजी, एक पातळ सूप आणि बुडवून खायला माशाच्या अर्काची (फिश सॉसची) वाटी, एवढं असतं. उत्तरेत हे सगळं अॅल्युमिनियमच्या गोल परातीत मांडून चटईवर ठेवायची पद्धत अजून दिसते.

बासमती घेऊ नका

पाहुणे येणार म्हणून घरातला सर्वांत महाग तांदूळ काढला जातो आणि तिथंच गाडी घसरते. बासमतीचा दाणा मोकळा, कोरडा आणि लांब. तो चॉपस्टिकमध्ये राहत नाही. व्हिएतनामी भात मऊ असतो, दाणा दाण्याला हलका धरून असतो, पण गोळा होत नाही. तिथल्या नावाजलेल्या जाती पाहिल्या तरी हेच दिसतं: उत्तरेत पूर्वीच्या नाम दिन्ह प्रांतातल्या हाय हाउ भागातला ताम सोआन, दक्षिणेत पूर्वीच्या लोंग आन प्रांतातला नांग थोम चो दाओ, आणि हो क्वांग कुआ यांनी सोक चांगमध्ये तयार केलेला एसटी २५, ज्याला २०१९ मध्ये मनिलातल्या स्पर्धेत जगातला सर्वोत्तम तांदूळ म्हणून मान मिळाला. सगळे सुवासिक, सगळे मऊ.

जस्मिन तांदूळ मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर सुपरमार्केटच्या आयात मालाच्या कपाटापाशी रेंगाळू नका, मावळातला इंद्रायणी घ्या. वास वेगळा, पण पोत बराच जवळ जातो. आंबेमोहोरही चालतो. कोलम चालवून घेता येतो, पण त्याला जरा जास्त पाणी द्यावं लागतं.

याच्या उलट टोकाची चूकही होते. कुणीतरी सांगतं की आशियात सगळीकडे चिकट भात खातात, म्हणून ‘स्टिकी राइस’चं पाकीट आणून रोजच्या भातासारखं शिजवलं जातं. व्हिएतनाममध्ये तो तांदूळ वेगळा आणि त्याचा मानही वेगळा. त्याचा ‘सोइ’ होतो, म्हणजे मुगाची डाळ, शेंगदाणे किंवा लाल गाक फळाचा गर घालून वाफवलेला भात. तो नाश्त्याला किंवा सणासमारंभाला खातात. टेटच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या वेळी पानात बांधून तासन् तास उकडायचा चौकोनी ‘बान्ह चुंग’ही याच तांदळाचा. हा तांदूळ रात्रभर भिजवून, पूर्ण निथळून चाळणीवर वाफवायचा. पातेल्यात पाणी घालून शिजवला तर त्याची खळ होते आणि मग त्यावर इलाज नाही.

तिसरा प्रकार म्हणजे कणी. सायगावचा (आजच्या हो ची मिन्ह शहराचा) प्रसिद्ध ‘कम ताम’ कणीचाच भात आहे, वर भाजलेलं डुकराचं मांस आणि तेलात परतलेली कांद्याची पात. एकेकाळी गरिबाचं खाणं, आज शहराची ओळख. आपल्याकडे वाण्याकडे कणी स्वस्तात मिळते, पण ती तांदळाच्या मापानं पाणी घालून शिजवली की पेज होते. कणी अर्धा तास भिजवा, निथळा आणि वाफवा. पातेल्यातच करायची असेल तर जेवढी कणी तेवढंच पाणी.

मीठ नको, तूप नको, शिट्ट्याही नकोत

बिघडलेल्या भातासाठी व्हिएतनामी भाषेत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा: वर कच्चा, खाली करपलेला आणि चारी बाजूंनी गिच्च. चुलीवर, पेंढ्याच्या जाळावर भात करणाऱ्या बायकांची ही म्हण. एकाच पातेल्यात तिन्ही दोष कसे येतात हे त्यांना ठाऊक होतं. आज घरोघरी विजेचे राइस कुकर असले तरी गॅसवर करणाऱ्याला ती म्हण पूर्ण लागू पडते.

तांदूळ दोनतीन पाण्यांनी धुवा, पण पाणी काचेसारखं होईपर्यंत चोळत बसू नका. जस्मिनला वाटीला सव्वा वाटी पाणी. इंद्रायणी नवा असेल तर दीड, जुना असेल तर पावणेदोन. तिकडे अनेक जण बोटानं मोजतात: तांदळाच्या पृष्ठभागावर बोटाचं टोक टेकवायचं आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत हवं. मध्यम पातेल्यात हे जमतं. पसरट भांड्यात थोडा तांदूळ असेल तर मात्र ते फसवतं.

उकळी आली की आच अगदी बारीक. नवरा चिडला असेल तर बायकोनं शब्द कमी करावेत, जशी भाताला उकळी आली की आच कमी करतात, असंही तिकडचं एक जुनं वचन आहे. त्यातला नवरा-बायकोचा भाग आता सोडून द्यायला हरकत नाही. आचेचा भाग बरोबर आहे. पाणी आटल्यावर बारीक आचेवर दहा मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण न उघडता आणखी दहा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये दाणा फुटतो आणि वरचा थर पाणचट राहतो, म्हणून जाड बुडाचं पातेलंच बरं.

मीठ, तूप, तेल, जिरं यातलं काही घालायचं नाही. भात अळणी लागणारच, कारण मीठ बाकीच्या ताटल्यांत आहे.

तरीही बिघडलाच तर:

वरचा थर टणक राहिला असेल तर दोनतीन चमचे कढत पाणी शिंपडा, झाकण घट्ट लावा, मंद आचेवर पाच-सात मिनिटं. गार पाणी घातलं की बाहेर गिच्च, आत कच्चा.

ओला झाला असेल तर ढवळू नका, तिथंच सगळे चुकतात. झाकण आणि पातेलं यांच्यामध्ये कोरडं सुती फडकं घाला आणि अगदी बारीक आचेवर थोडा वेळ राहू द्या. वाफेचं पाणी फडकं शोषतं.

खाली लागला असेल तर खरवडू नका. वरचा भात हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढा. करपट वास उरला तर तिकडे जुन्या घरांत भातात लाकडी कोळशाचा स्वच्छ तुकडा ठेवून झाकण लावतात. आणि काळी न झालेली, नुसती तांबूस खरपुडी निघाली तर ती फेकायची नाही. उत्तरेतल्या निन्ह बिन्हमध्ये कुरकुरीत खरपुडी हा मुद्दाम करून विकला जाणारा पदार्थ आहे.

तोंडी लावणं भाजीसारखं करू नका

‘खो’ म्हणजे जळवलेल्या साखरेच्या रंगात आणि माशाच्या अर्कात, म्हणजे नुओक माममध्ये, मंद आचेवर आटवलेला मासा किंवा मांस. दक्षिणेत त्यात शहाळ्याचं पाणी आणि उकडलेली अंडीही पडतात. हा पदार्थ नुसता चाखला की खारट लागतो, आणि लागायलाच हवा. आपण तो आळणी करतो, रस्सा वाढवतो, आणि मग भाताबरोबर त्याला चव उरत नाही. चौघांना अर्धा किलो मांस भरपूर होतं. एक तुकडा दोनतीन घासांना पुरवायचा असतो. नुओक माम मात्र सगळा एकदम ओतू नका, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढत जातो. अर्धा आधी, उरलेला शेवटी चव बघून. साखर गडद चहाच्या रंगावर आली की लगेच पाणी घाला. धूर येऊ लागला तर ती टाकून नव्यानं करा. कडूपणा नंतर जात नाही.

बुडवून खायची वाटी करताना नुओक माम बाटलीतला तसाच ओतला जातो आणि घरभर लोक नाक मुरडतात. पातळ वाटीसाठी एक चमचा नुओक माम, एक चमचा साखर, एक चमचा लिंबाचा रस, चार-पाच चमचे पाणी. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवा, लसूण आणि मिरची शेवटी, म्हणजे वर तरंगते. उकडलेल्या भाजीबरोबर काही घरांत तो न पातळ करताही घेतात, पण सुरुवात तिथून करू नका.

सूपाला, म्हणजे ‘कान्ह’ला, फोडणी नको, कॉर्नफ्लोअर तर मुळीच नको. खाऱ्या घासांनंतर तोंड धुऊन काढणं हे त्याचं काम. उत्तरेतली सगळ्यांत साधी तऱ्हा म्हणजे राउ मुओंग, आपली नाळीची भाजी, उकडायची, आणि तिचं हिरवं पाणी फेकून न देता त्यात आंबट फळ किंवा लिंबू पिळून तेच सूप म्हणून ठेवायचं. एका जुडीत भाजीही झाली आणि सूपही. भाजी उघड्या भांड्यात, खळखळत्या पाण्यात, झटपट शिजवा. झाकण ठेवलं की काळपट होते आणि सूपही त्याच रंगाचं. दक्षिणेतलं चिंच, अननस, टोमॅटो आणि माशाचं आंबट सूप कोकणातल्या माणसाला लगेच कळेल.

हे सूप भातावर ओततात का? ओततात, पण शेवटी, वाडग्यात थोडा भात उरल्यावर. पहिल्याच वाढपाला ओतलं तर पुढच्या घासांना कोरा भातच राहत नाही.

जेवायला बसल्यावर

हे जेवण एखाद्या व्हिएतनामी घरी होणार असेल तर थोडं जास्त सांभाळायचं आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. मृताच्या पुढे ठेवलेल्या भाताच्या वाडग्यात त्या तशा उभ्या असतात, आणि उदबत्तीचीही आठवण होते. पिंडदानाचा भात पाहिलेल्या घरात हे समजावून सांगावं लागणार नाही. जेवता जेवता थांबलात तर चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवा.

वाडगा टेबलावर ठेवून त्यावर वाकून जेवणं आळशी दिसतं. तो डाव्या हातात उचलायचा, तोंडाजवळ आणायचा. काठोकाठ भरून घेऊ नका. अर्धा-पाऊण घ्या, संपला की पुन्हा मागा. भाताच्या पातेल्याजवळ बसलेली व्यक्ती, बहुधा घरातली मुलगी किंवा सून, सगळ्यांना वाढते. हे काम दरवेळी बाईकडेच का, असं मनात येणं साहजिक आहे, आणि तिथल्या तरुण मुलीही ते बोलून दाखवतात. पाहुण्यानं निदान तिला सारखं उठबस करायला लावू नये. पातेल्यात किती उरलंय ते बघून जेव, कुठे बसतोस ते बघून बस, अशी तिथली म्हण आहे. दुसऱ्यांदा वाडगा पुढे करताना ती आठवावी.

उत्तरेतल्या घरांत सर्वांत लहान माणूस मोठ्यांना एकेक करून जेवायची विनंती करतो, आजोबा जेवा, आजी जेवा, बाबा जेवा, असं. त्यानंतर मोठ्यांनी सुरुवात केली की बाकीचे. दक्षिणेत एवढं काटेकोर नसतं. कुणी तुमच्या वाडग्यात चांगला तुकडा ठेवला तर तो आग्रह असतो, ‘नको नको’ करत बसू नका. तुम्हाला कुणाला वाढायचं असेल तर चॉपस्टिकची उलटी, न वापरलेली बाजू वापरणं बरं.

वाडग्यात शितं सोडू नका. हनोईतल्या साठीच्या माणसाला रेशनची कुपनं आणि रताळं, कसावा मिसळून शिजवलेला भात आठवतो. १९४५ च्या दुष्काळात उत्तरेत लाखो माणसं उपाशी मेली. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर १९८९ मध्ये हा देश मोठ्या प्रमाणावर तांदूळ निर्यात करू लागला, त्याच्या थोडंच आधीपर्यंत तो बाहेरून आणत होता. आजी पातेल्याच्या तळाची शितं का पुसून घेते, ते यावरून कळेल.

शाकाहारी असाल तर

चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक बौद्ध घरांत शाकाहारी जेवण असतं, त्यामुळे हा प्रकार तिथं परका नाही. चूक होते ती नुओक मामच्या जागी नुसतं मीठ घालण्यात. सोया सॉस घाला, त्यात थोडी साखर. टोमॅटोत शिजवलेला तळलेला टोफू, लसणीवर परतलेली नाळीची भाजी आणि पांढऱ्या भोपळ्याचं पातळ सूप, एवढ्यात पूर्ण जेवण होतं. तिकडे गेलात तर मात्र मांस नको एवढंच सांगून भागत नाही, माशाचा अर्कही नको हे वेगळं सांगा. तो भाजीतही असतो.

उरलेल्या भाताचं

ताजा वाफाळता भात परतून फ्राइड राइस करू नका, लगदा होतो. उरलेला भात पसरून तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी हातानं मोकळा करून कढत कढईत थोडा थोडा परता. उत्तरेत त्यात आंबवलेली मोहरीची पालेभाजी घालतात. आपल्याकडे ती मिळणार नाही, पण चिरलेली व्हिनेगरमधली कोबी बऱ्यापैकी काम भागवते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र परतूनही खाऊ नका.