मुलांसाठी मोफत बुद्धिबळ मंडळ कसं सुरू करावं

बुद्धिबळ मंडळ चालवायला नामवंत खेळाडू लागत नाही. नियम पक्के ठाऊक असलेला आणि ठरल्या वेळी दार उघडणारा माणूस लागतो.

आधी जागा बघा. वाचनालयाचा कोपरा किंवा शाळेचा रिकामा वर्ग चालेल. वार आणि वेळ एकदाच ठरवा, दीड तास पुरतो. वेळ सारखी बदलली की मुलं गळतात. दर वेळी किमान दोन मोठी माणसं हजर हवीत आणि पालकांची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी. यात सूट नको.

दोन मुलांमागे एक पट लागतो. गुंडाळता येणारे पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या उत्तम. घर ५ ते ६ सेंटिमीटरचं असावं. प्रवासातले छोटे चुंबकी संच टाळा. घरोघरी पडून असलेले पट मागितले तर लोक आनंदाने देतात. प्रत्येक खेळाडूचा वेळ मोजणाऱ्या घड्याळांची घाई नको.

पहिल्या दिवशी भाषण करू नका. फक्त राजे आणि प्यादी मांडा. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. थोड्याच वेळात सगळी मुलं खेळात रमतात. मग हत्ती, उंट, वजीर एकेक करून आणा. घोडा शेवटी, कारण त्याची चाल बसायला वेळ लागतो. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, त्यानंतर.

सगळ्यात जास्त लक्ष हरणाऱ्या मुलाकडे द्या. चार चालींत मात खाल्लेलं मूल पुढच्या वेळी येईलच असं नाही. अशा डावात समोरच्याचे वजीर आणि उंट मिळून राजाशेजारच्या उंटापुढच्या प्याद्यावर तुटून पडतात, कारण सुरुवातीला त्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार असतो. त्यामुळे पूर्ण डाव सुरू करण्याआधी हा हल्ला पटावर दाखवा आणि परतवायलाही शिकवा. जोड्या साधारण सारख्या ताकदीच्या लावा. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो कुठे फिरला ते शोधायचं, हा माझ्या मते मंडळाचा सर्वांत मोलाचा वेळ.

सोंगटीला हात लावला की तीच चालायची, हा नियम मुलं सरावल्यावर आणा. चाली लिहायला शिकवणंही तेव्हाच.

स्पर्धा घ्याल तेव्हा बाद पद्धत नको, स्विस पद्धत घ्या. तिच्यात प्रत्येक फेरीत सारख्या गुणांची मुलं समोरासमोर येतात आणि हरलेलं मूलही शेवटच्या फेरीपर्यंत खेळतं.