मफलर मोकळा केलेली चेनसॉ ताळ्यावर आणताना

चेनसॉच्या (लाकूड कापायच्या पेट्रोल करवतीच्या) मफलरला, म्हणजे सायलेन्सरला, भोक वाढवलं की मशीन जोरात पळतं, पण मिश्रण लीन होतं: हवा वाढते, पेट्रोल तेवढंच. पुण्यात पावसाळ्यात पडलेला गुलमोहर कापताना माझी चेनसॉ तापून बंद पडायची, ती याचमुळे.

आधी मफलर काढून टॉर्च मारला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे नव्हते, नाहीतर सिलिंडर किटचा खर्च ठरलेला. मग एअर फिल्टर साफ करून कार्ब्युरेटरचा एच स्क्रू (फुल स्पीडला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) थोडा थोडा उलटा सोडला, म्हणजे पेट्रोल वाढवलं. फुल थ्रॉटलला, लाकडाबाहेर मोकळी पळताना आवाज किंचित फाटका आणि लाकडात शिरताच साफ, म्हणजे जमलं. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल लिटरला २० मिली. ठिणग्या अडवणारी जाळी परत बसवली. कानठळ्या बसवणारा आवाज आणि वाढलेलं पेट्रोल मात्र कायमचं. खरं तर चेनला नीट धार लावली असती तर भोकाची गरजच नव्हती.