पिकअपला हिवाळी टायर घेताना या चुका टाळा

कॅनडातल्या कॅलगरी, एडमंटन, सास्काटून या भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींत पिकअप घेणारे आता बरेच दिसतात. कुणाला कामासाठी लागते, कुणाला ट्रेलर ओढायचा असतो, कुणाला नुसती आवडते. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्याकडून एकच प्रश्न येतो: ‘फोर बाय फोर आहे, मग वेगळे टायर कशाला?’

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. फोर बाय फोरमुळे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, म्हणून सिग्नल सुटल्यावर गाडी बर्फातून झटकन निघते. पण ब्रेक तर साध्या कारलाही चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना फोर बाय फोरचा काडीचाही फायदा नाही. तिथे रस्ता धरतं ते फक्त रबर. उलट गाडी सहज वेग घेते म्हणून चालवणाऱ्याला रस्ता आहे त्यापेक्षा चांगला वाटतो, आणि घसरण कळते ती ब्रेकवर पाय गेल्यावर.

पिकअपची आणखी एक गोष्ट आहे. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे आणि मागे मोकळा हौदा. गावाकडची पिकअप टोमॅटोचे क्रेट नाहीतर चारा भरूनच फिरते. इथली एफ-१५० किंवा सिल्वराडो मात्र बहुतेक वेळ एकट्या माणसाला घेऊन ऑफिसला जाते. मागच्या चाकांवर वजन कमी, म्हणून बर्फावर आधी शेपूट सुटते. टायर घेताना हाच प्रश्न धरून चालावं: रिकामी गाडी निसरड्या उतारावर थांबेल का? दुकानात लोक विचारतात ते भलतंच. किती दणकट आहे, किती माल पेलेल, दिसतो कसा.

खुणा वाचताना होणारी गफलत

टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलं म्हणजे तो हिवाळी टायर, असं अनेकजण धरून चालतात. ही खूण फक्त नक्षीतल्या खाचांच्या रचनेवरून मिळते. तिच्यासाठी बर्फावर टायर चालवून बघावा लागत नाही, म्हणून साध्या ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायरवरही ती असते. शोधायची ती तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण. अमेरिका आणि कॅनडाच्या टायर उद्योगाने ती १९९९ मध्ये आणली, आणि ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावरची चाचणी पार करावी लागते.

पण तिलाही शेवटचा शब्द समजू नका. त्या चाचणीत टायर बर्फावर गाडीला किती पुढे खेचतो एवढंच मोजतात. गोठलेल्या पाण्यावर ब्रेक मारला तर काय होईल, हे ती खूण सांगत नाही. बीएफगुडरिच केओ-२ सारख्या ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या टायरवर ती आहे आणि ब्रिजस्टोन ब्लिझॅक या खास हिवाळी टायरवरही आहे, पण चौकातल्या आइसवर दोघांची बरोबरी होत नाही. ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे, रबर कणखर. खऱ्या हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहील असं बनवलेलं असतं आणि प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने काढल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा आइसला पकडतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी आणि ऑल-सीझन रबर कडक व्हायला लागतं. उणे २५ मध्ये नक्षी कितीही खोल असली तरी कडक रबर रस्ता धरत नाही.

गावाबाहेर कच्च्या रस्त्यावर, न झाडलेल्या बर्फात रोज जाणं असेल तर डोंगराची खूण असलेला ऑल-टेरेन चालतो. शहरात राहणाऱ्याने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलगरीत चिनूक हा डोंगरावरून येणारा गरम वारा सुटला की दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. शून्याच्या आसपासचा तो ओलसर आइस कडाक्याच्या थंडीतल्या आइसपेक्षा जास्त निसरडा असतो, आणि शहरातल्या धडका बऱ्याचदा त्याच्यावरच होतात.

‘दहा प्लाय घ्या, ट्रक आहे ना!’

हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. दहा प्लाय म्हणजे एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा, लोड रेंज ई या वजनदार श्रेणीचा टायर. त्यात ८० पीएसआय इतक्या दाबापर्यंत हवा भरता येते आणि तो भरपूर वजन पेलतो. पण हाफ-टन गाडीला, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या पिकअपला, कंपनीतूनच बहुधा पॅसेंजर प्रकारचे टायर येतात. त्यांचा लोड इंडेक्स, म्हणजे टायरवर छापलेला वजनाचा क्रमांक, ११६ असेल तर एका टायरची क्षमता १,२५० किलो. पिकअपवर लावताना ती १.१ ने भागून धरतात, म्हणजे सुमारे १,१३६ किलो. चार टायरचे साडेचार हजार किलो झाले, आणि गाडीचं माणसं-मालासकट कमाल वजन साधारण ३,००० किलोच्या आसपास. म्हणजे रोजच्या वापराला पॅसेंजर टायर पुरून उरतो.

मग ई रेंज लावून बिघडतं काय? त्याच्या बाजू जाड आणि ताठ असतात. रिकाम्या गाडीखाली तो नीट दबत नाही, रस्त्याला पसरून टेकत नाही, आणि खडबडीत आइसवर मागचा भाग उड्या मारतो. त्यात हवेचा घोळ होतो. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला पॅसेंजर टायरपेक्षा जास्त हवा लागते, म्हणून गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर मूळ टायरसाठी दिलेला ३५ हा आकडा त्याला तसाच लावता येत नाही. दुसरीकडे टायरच्या बाजूवर छापलेले ८० म्हणजे कमाल मर्यादा. रिकाम्या गाडीत तेवढी हवा भरली की टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो. एलटी घेतलेच तर दुकानदाराला लोड टेबल (कोणत्या वजनाला किती हवा याचा तक्ता) उघडायला लावा आणि तुमच्या गाडीच्या वजनाला किती हवा हवी ते लिहून घ्या.

जड ट्रेलर ओढणाऱ्यांना, हौद्यात कायम अवजारं ठेवणाऱ्यांना एलटी हवेतच. २५०० किंवा ३५०० वर्गाच्या जड पिकअपला मूळ टायर एलटी असतील तर त्यांच्या जागी पॅसेंजर टायर कधीही लावू नका, कितीही स्वस्त मिळाले तरी.

दोनच टायर बदलणं

पैसे वाचवायला दोन हिवाळी टायर घेऊन ते पुढे लावले, तर पुढचा भाग थांबतो आणि हलकी शेपूट फिरून पुढे येते. फक्त मागे लावले तर गाडी वळायचं नाव घेत नाही. चारही एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. फोर बाय फोरमध्ये याला आणखी एक कारण आहे: चाकांच्या घेरात फरक असेल तर चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर सतत ताण येतो, आणि त्या दुरुस्तीच्या बिलापुढे दोन टायरचे पैसे काहीच नाहीत.

रुंद टायर दिसायला झकास, पण ताज्या बर्फात ते वर तरंगायला बघतात. अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. कंपनीने मान्य केलेल्या मापांत लहान रिम आणि अरुंद टायर असेल तर हिवाळ्यासाठी तोच घ्या. टायर स्वस्त पडतो आणि खड्ड्यात रिम वाचते. फक्त ब्रेक कॅलिपर त्या रिममध्ये बसतं का आणि नटांची रचना जुळते का ते आधी बघा. एफ-१५० ची रिम सिल्वराडोला बसत नाही.

जुने टायर घेताना बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२३ म्हणजे तो २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. आपल्याकडे टायर पार गोटा होईपर्यंत वापरायची सवय असते, पण बर्फात ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर संपला असंच धरावं. खिळेवाले टायर घ्यायचे असतील तर प्रांताचे नियम पाहा. ओंटारिओतल्या रहिवाशांपैकी फक्त उत्तर भागात राहणाऱ्यांना ते चालतात. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. अल्बर्टात सक्ती नाही, पण रॉकीज ओलांडून ब्रिटिश कोलंबियात गेलात की १ ऑक्टोबरपासून डोंगरी रस्त्यांवर पोलीस टायर बघतात आणि किमान ३.५ मिलिमीटर नक्षी मागतात.

टायर बसवले, तरी काहीतरी बिनसलंय?

थंडीच्या सकाळी डॅशबोर्डवर टायरमधल्या हवेचा दिवा लागतो: बहुतेक वेळा पंक्चर नसतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय हवा कमी होते. गरम गॅरेजमध्ये १५ अंशांत ३५ भरली आणि बाहेर उणे २५ असेल, तर सातेक पीएसआय गायब. गाडी रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी निघण्यापूर्वी हवा भरा.

ताज्या बर्फातून आल्यावर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं: रिमच्या आतल्या बाजूला बर्फ थिजून बसलेला असतो. बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी तो खरवडून काढा.

वळणावर शेपूट सुटतेच आहे: आधी मागच्या टायरमधली हवा तपासा, ती बऱ्याचदा जास्त निघते. मग वाळूच्या गोण्या मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवा, पार मागच्या फळीशी नाही, आणि पट्ट्याने घट्ट बांधा. सुटी गोणी धडकेत थेट केबिनवर येते. गोण्यांमुळे पकड वाढते, पण गाडीचं वजनही वाढतं, म्हणून वाईट टायरवर तो उपाय नव्हे.

नवे टायर बसवल्यावर पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. बहुतेक दुकानं ते फुकट करून देतात.