मथळ्यात ‘पाटलांवर गुन्हा’, सिस्टिमला मात्र ‘पाटील’ सापडेना: निगेटिव्ह न्यूज स्क्रीनिंगचा व्हेंडर निवडताना या चुका टाळा

निगेटिव्ह न्यूज स्क्रीनिंग म्हणजे ग्राहकाच्या नावावर गुन्ह्याच्या, फसवणुकीच्या बातम्या आहेत का, हे सिस्टिमने शोधणं. तिच्या डेमोच्या दिवशी मोठ्या पडद्यावर नीरव मोदी नाहीतर विजय मल्ल्या असं नाव टाकलं जातं आणि क्षणात शेकडो बातम्या उमटतात. संचालक मंडळ खूश होतं. पण या दोघांना न्यायालयाने २०१९ मध्येच फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं आहे. तालुक्याच्या शाखेत खातं उघडायला येतो तो शेजारच्या जिल्ह्यातल्या बुडीत पतसंस्थेचा माजी संचालक. त्याची बातमी आली असलीच तर जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर, मराठीत.

मी नागरी सहकारी बँकेत केवायसी-एएमएलचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं आणि काळा पैसा रोखण्याचं काम बघतो. पहिल्या वेळी आम्हीही डेमोवरच भाळलो आणि पुढचं वर्षभर त्याची किंमत मोजली. म्हणून सगळ्यात आधी सांगतो: नावं व्हेंडरची नकोत, तुमची द्या. पन्नास पुरेत. ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाल्याचं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे अशी वीस, त्यांच्याच नावाचे पण साफ असलेले वीस आणि उरलेली दहा स्पेलिंग बदलून. ही यादी आधी कळवू नका, समोर बसवून चालवा.

“मराठी सपोर्ट आहे” या उत्तरावर थांबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बातमीच्या मजकुरात ‘पाटील यांच्यावर’ असं सरळ लिहिलेलं असतं, पण मथळ्यात जागा कमी, तिथे ‘पाटलांवर गुन्हा’ येतं. इथे नुसता प्रत्यय काढून भागत नाही, कारण ‘पाटील’मधला ‘टी’ मुळातच बदललेला असतो. ‘काळ्यांना कोठडी’मधून ‘काळे’ हे आडनाव ओळखणं त्याहून अवघड. व्हेंडरचं इंजिन मराठी बातमी आधी इंग्रजीत भाषांतरित करून मग शोधत असेल, तर ‘काळे’ माणूस राहतो की रंग होतो, हे स्वतः बघा.

गुन्ह्याच्या शब्दांचंही तेच. आपले बातमीदार ‘मनी लाँडरिंग’ क्वचितच लिहितात. ते लिहितात ‘ठेवीदारांना कोटींचा गंडा’, ‘तिजोरीवर डल्ला’, ‘चुना लावला’, ‘अपहार’, ‘गैरव्यवहार’. हे शब्द यादीत नसतील तर बातमी सुटते, आणि नुसता ‘गंडा’ किंवा ‘चुना’ टाकला तर गंडाबंधनाचे सोहळे आणि चुनखडीचे दर हाती लागतात. ‘अपहार’ आणि ‘अपहरण’ यांची गल्लत मी स्वतः पाहिली आहे. ईडीला कुठे ‘सक्तवसुली संचालनालय’ म्हणतात, कुठे ‘अंमलबजावणी संचालनालय’, दोन्ही हवेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता ३१८ मध्ये आहे आणि विश्वासघाताची कलमं ३१६ मध्ये. जुने खटले जुन्याच कलमांखाली चालू आहेत, त्यामुळे शोधात दोन्ही आकडे लागतात. ‘एमपीआयडी’, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, हा शब्द परदेशी व्हेंडरच्या यादीत बहुधा नसतो. तो आवर्जून घालायला लावा.

स्रोतांच्या आकड्याला भुलणं

“आमच्याकडे लाखो स्रोत आहेत” यावर एकच प्रश्न विचारा: त्यात आमच्या जिल्ह्याच्या आवृत्त्या कोणत्या? जिल्हा पानं पुष्कळदा ई-पेपरवर चित्राच्या रूपात असतात. त्यातली देवनागरी अक्षरं यंत्राला वाचता येतात का, जोडाक्षरं टिकतात का, हे मागच्या महिन्यातल्या दहा बातम्या देऊन तपासा. जुन्या संग्रहातला युनिकोडपूर्व (म्हणजे आजची समान अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटांतला मजकूर तर रूपांतर केल्याशिवाय शोधात येतच नाही.

यादी कोरी म्हणजे ग्राहक कोरा

संयुक्त राष्ट्रांची निर्बंध घातलेल्यांची यादी तपासणं आणि बातम्या तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच पॅकेजमध्ये मिळतात म्हणून ती एकच समजू नका. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचं उदाहरण मला विसरता येत नाही. हिशेबातल्या गडबडीच्या बातम्या फायनान्शियल टाइम्स २०१९ मध्ये देत होतं, आणि तिथल्या नियामकाने बातमीदारांविरुद्धच तक्रार केली. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो जागेवर नसल्याचं उघड झालं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवर यादी बघणाऱ्याला काही दिसलं नसतं, बातमी वाचणाऱ्याला दिसलं असतं.

अलर्ट फार येतात, किंवा येतच नाहीत

रोज तीनशे अलर्ट आणि बघायला दोन माणसं, अशी अवस्था असेल तर लगेच मॅचिंगची टक्केवारी, म्हणजे नाव किती जुळलं की अलर्ट द्यायचा ती मर्यादा, वाढवू नका. अलर्ट कमी होतील, पण त्यांच्याबरोबर स्पेलिंग बदललेला खरा माणूसही निसटेल. आधी मधलं नाव वापरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कागदोपत्री असतंच, आणि ‘संजय पाटील’ कितीही असले तरी मधलं नाव, वय आणि गाव जुळणारा क्वचितच दुसरा निघतो. बाहेरून आलेली सिस्टिम मधलं नाव पुष्कळदा टाकून देते. आडनाव आधी लिहिलं की तिचा गोंधळ उडतो. बायकांच्या बाबतीत माहेरचं नावही नोंदवा. जुनी बातमी त्याच नावाने असू शकते.

उलट, महिनाभर एकही अलर्ट आला नाही तर निश्चिंत होऊ नका. ठाऊक असलेलं एखादं नाव चाचणी म्हणून टाका. आमच्याकडे ग्राहकांची रोजची फाइल सिस्टिमकडे जाणंच थांबलं होतं आणि ते कुणालाच कळलं नव्हतं.

नोंदी आणि करार

इथे थोडक्यात. अलर्ट का बंद केला ते कारण आणि बातमीची प्रत दोन्ही जपली पाहिजेत, नुसती लिंक पुढे मरते. करार संपल्यावर हा डेटा कोणत्या रूपात परत मिळेल ते लिहून घ्या. काम बाहेर दिलं तरी रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत उत्तर द्यायचं ते बँकेलाच. अलर्ट आल्याचं ग्राहकाला कळू न देण्याची जबाबदारीही आपलीच, म्हणून शाखेतल्या कोणाच्या पडद्यावर काय दिसतं तेही बघा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून लागते. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. तोच माणूस निर्दोष सुटला की आतल्या पानावर चार ओळी येतात, त्याही कधी येत नाहीत. सिस्टिममध्ये अटक तशीच राहते आणि पुढे त्या व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट नाकारलं जातं. ‘निर्दोष मुक्तता’, ‘गुन्हा रद्द’, ‘दोषमुक्त’ हे शब्दही शोधात आहेत का आणि तशी बातमी जुन्या नोंदीला आपोआप जोडली जाते का, हे सही करण्याआधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. आज आमच्या विभागातली एक मुलगी दर शुक्रवारी बंद न झालेल्या नोंदी काढते आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर एकेक खटला हाताने तपासते.