टोळ्यांची बैलं यायच्या आधी लाळ-खुरकतीचं इंजेक्शन करून घ्या

मंडळी, दिवाळी झाली, कारखान्यांचे पट्टे फिराय लागले की बीडकडनं, विजापूरकडनं ऊसतोड टोळ्या येणार आणि त्यांच्याबरोबर बैलं. पुढं माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, तिथं तर गाड्याच गाड्या. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर, सगळीकडं हाच काळ लाळ-खुरकतीचा, कन्नडमध्ये कालुबायी रोग म्हणतात तो. म्हणून आत्ताच सांगतोय, लस टोचून घ्या. टोचल्यावर अंगात ताकद याय दोन-तीन आठवडे लागतात, शेजारच्या गोठ्यात लाळ गळाय लागल्यावर पळून काय उपयोग.

लोक टाळतात कशाला, तर इंजेक्शननं दूध कमी येतं म्हणून. येतं, खरं आहे. दोन-तीन दिवस एक-दोन लिटर, म्हणजे पन्नासच्या भावानं फार तर तीनशे रुपये. आता दुसरा हिशोब करा, आठ लिटरची म्हैस आजारी पडली आणि वीस दिवस दोन लिटरवर आली तर सहा हजार तिथंच गेले, बरी झाली तरी आधीचं दूध बऱ्याचदा परत येत नाही, सहा महिने दोन लिटर कमी धरलं तर अजून अठरा हजार. डॉक्टर, औषध वेगळं. गाभण असली तर गाभडायची भीती, आणि काही जनावरं नंतर उन्हात नुसती धापाच टाकत बसतात. विमा असला तरी तो मेल्यावर मिळतो, आटलेल्या दुधाचा कोण देत नाही. दहा दिवसाच्या डेअरीच्या बिलावर ज्याचं घर चालतं त्याला हे झेपत नाही.

आमच्या गल्लीतच बघितलंय. बाजारातनं आणलेली गाय त्याच संध्याकाळी दावणीला बांधली, चौथ्या दिवशी ती चपचप आवाज करत तोंड हलवाय लागली, लाळंची तार पार जमिनीपर्यंत, मागचा पाय सारखा झटकायची. जिभेला हात लावला तर वरची साल हातात आली. मोठी जनावरं वाचली, पण तिचं दूध पिणारं वासरू सकाळी उड्या मारत होतं ते दुपारी आडवं. वासरांच्या हृदयावरच जातो हा रोग, म्हणून आजारी आईला वासरू लावू नका, दुसरं दूध उकळून गार करून पाजा.

नवीन जनावर 21 दिवस वेगळं बांधा, बादली वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. टोळीकडनं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणताना ते बैलांच्या तोंडातलं, पायाखालचं नको, फडातनं ताजं बांधून घ्या. रस्त्याकडंच्या हौदावर म्हशी सोडू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या गवळीवाड्यांवर हे अवघड आहे मला माहीत आहे, सगळा कळप एकाच पाणवठ्यावर जातो आणि डॉक्टर लांब, म्हणून तिथं तर सगळ्या वाड्यानं एकाच दिवशी टोचून घ्यायलाच पाहिजे, दहातली चार राहिली तर रोग तिथनंच शिरतो.

झालंच तर तोंड फिटकरीच्या पाण्यानं धुवा, बोरोग्लिसरीन लावा, मऊ वैरण, आंबील द्या. गोठ्यात धुण्याचा सोडा, दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम, शिंपडा, ह्या रोगाच्या विषाणूला तो चांगला चालतो. खुरात अळ्या पडल्या तर डॉक्टरला दाखवा, जळकं ऑईल, रॉकेल ओतू नका, जखम अजून भाजते. आणि आजारी जनावर स्वस्तात बाजारात नेऊन सोडू नका रे बाबांनो, 2022 ला लम्पीत बाजार बंद पडले तेव्हा किती जणांची अडचण झाली विसरलात का.

लस सरकारी आहे, फुकट आहे, सहा महिन्यांनी परत घ्यायची. वासरू चार महिन्याचं झालं की पहिली, महिन्याभरानं दुसरी. कानाचा बारा आकडी बिल्ला असू द्या, तो कर्नाटक, महाराष्ट्र दोन्ही राज्यात एकच चालतो, चंदगड-गडहिंग्लजकडनं जनावर आणलं तर आधी बिल्ल्यावर लस नोंदली आहे का ते डॉक्टरला बघाय सांगा, मगच पैसे द्या. जनावरांच्या डॉक्टरची गाडी बोलवायची असली तर 1962 ला फोन लावा.

लस देणारे ह्या आठवड्यात आले तर सकाळी जनावरं रानात सोडू नका, दावणीला ठेवा.