सुरणाचं फूल हवंय? मग या चुका टाळा

सुरणाला फूल येतं हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आपली ओळख गड्ड्याशी. पावसाच्या तोंडावर, पान फुटायच्या आधी, थेट मातीतून जांभळट झालर वर येते, मधोमध सुरकुतलेला गोळा. आणि उंदीर मेल्यासारखी घाण सुटते. बुरशी समजून त्यावर खुरपं चालवणारेही आहेत.

पहिली चूक खरेदीतच होते. भाजीवाल्याकडची फोड कुंडीत लावून फुलाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती फुटलीच तर नुसतं पान देईल. फुलासाठी मोठा, अख्खा, मधला डोळा शाबूत असलेला गड्डा हवा. लहान गड्डा काही वर्षं फक्त पानच काढतो, आणि मोठ्यालाही दरवर्षी फूल येईलच असं नाही.

सगळ्यात जास्त गड्डे मात्र पाण्याने जातात. दिवाळीच्या आसपास पान पिवळं पडून लोळतं. झाड मरतंय असं वाटून आपण पाणी वाढवतो आणि आत गड्डा सडतो. खरं तर त्याची विश्रांती सुरू झालेली असते. पाणी बंद करा, कुंडी छपराखाली सरकवा, नाहीतर गड्डा काढून कोरड्या सावलीत ठेवा. कुठे मऊ लागला तर तेवढा भाग कापा, राख चोळा, वाळू द्या. उन्हाळ्यात कोंब दिसला म्हणून लगेच बादल्या ओतू नका. फूल गड्ड्यातल्या साठ्यावर येतं; पोटभर पाणी आणि शेणखत हवं ते पान उलगडल्यावर. त्या वेळी कंजूषी केलीत तर पुढचा गड्डा बारीक.

वासावर फिनाईल, अगरबत्ती काही चालत नाही. गंधकयुक्त द्रव्यं हवेत सोडण्यासाठी फूल स्वतः गरम होतं. सडक्या मांसावर येणारे भुंगेरे आणि माशा त्यालाच भुलून परागीभवन करतात. म्हणून कीटकनाशकही मारू नका. पहिले एक-दोन दिवस कुंडी गच्चीत ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. अगदीच असह्य झालं तर फूल कापून टाका, गड्ड्याचं काही बिघडत नाही.

असाच सडका वास सोडणारं स्टॅपेलियाही हल्ली नर्सरीत मिळतं. दक्षिण आफ्रिकेकडचं, निवडुंगासारखं दिसणारं, चांदणीच्या आकाराच्या केसाळ फुलांचं. त्याला आपला पाऊसच मारतो: भरड, वाळूमिश्रित माती नसेल तर दांडे बुडाशी काळे पडतात. चांगला दांडा कापून, जखम सुकवून पुन्हा लावा. माशा फुलावर अंडी घालतात, पण अळ्यांना तिथे खायला काही नसल्याने त्या उपाशी मरतात. झाडाला त्यांचा त्रास नाही, तेव्हा औषध शोधत बसू नका. माझं मत विचाराल तर गॅलरीसाठी हेच बरं; सुरणाला गच्ची किंवा अंगण हवं.

सुरण हाताळताना मोजे घाला. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी हात खाजतात. खाज सुटलीच तर चिंचेचं पाणी लावून बघा, आणि तोवर तो हात डोळ्यांना लावू नका.