कॅन्सरच्या ऑपरेशनआधी पेशंटची स्मरणशक्ती कशी बघायची

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरचे सगळे रिपोर्ट, पैसे, रजा यातच अडकतात, आणि पेशंट एकच प्रश्न चारदा विचारतोय किंवा गोळी घेतली का हेच आठवत नाहीये याला "टेन्शन आलंय त्यांना" म्हणून सोडून देतात. प्लीज सोडू नका. विसरायला होणं केमोनंतरच सुरू होतं असं वाटतं ना, पण एकही केमो न झालेल्या पेशंटमध्येसुद्धा ते दिसतं. रक्त कमी असणं, झोप नाही, दुखणं, भीती, डिप्रेशन, खुद्द कॅन्सरमुळे शरीरात वाढलेला दाह, अशी बरीच कारणं असतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

आधी काही दिवस नुसतं बघा आणि एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. हे वर्षभर हळूहळू वाढतंय की अचानक झालंय हे सगळ्यात महत्त्वाचं. एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागले, दिवस-रात्र कळेना, तर इन्फेक्शन, सोडियम कमी किंवा कॅल्शियम जास्त असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत जोरात डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा हातपाय लुळा पडणं असेल तर थेट इमर्जन्सी.

डॉक्टरांना "मिनी-कॉग करता का" असं स्पष्ट विचारा, ही स्मरणशक्तीची छोटीशी टेस्ट आहे. जेमतेम ३ मिनिटं लागतात. तीन शब्द सांगतात, मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतात, आणि मग तेच तीन शब्द परत विचारतात. ५ पैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी हवी, त्यावरून लगेच डिमेन्शिया (वाढत जाणारा विसराळूपणाचा आजार) ठरत नाही. टेस्टच्या वेळी चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं असू दे, नाहीतर ऐकू न आल्यामुळेच मार्क जातात.

घरातली सगळी औषधं पिशवीत भरून भूलतज्ज्ञांना दाखवा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी कंट्रोलच्या काही गोळ्या, ट्रामाडोल-मॉर्फिन, सगळ्यांचाच मेंदूवर परिणाम होतो. पण स्वतःहून काही बंद करू नका, झोपेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. दारू रोज असेल तर तेही सांगा, लाजू नका, दारू अचानक सुटल्यावर ऑपरेशननंतर प्रकृती फार बिघडू शकते.

हे सगळं आधी कळलं तर भूल, दुखण्याची औषधं, झोप यांचं प्लॅनिंग टीमला नीट करता येतं, कारण आधीपासून स्मरणशक्ती कमी असलेल्यांना ऑपरेशननंतर डेलिरियमचा, म्हणजे अचानक भान आणि लक्ष बिघडण्याचा, धोका जास्त असतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी पेशंटलाच विचारा, काय काढणार आहेत, का काढणार आहेत, त्यांच्या शब्दांत. सांगता आलं नाही तर डॉक्टरांना परत समजवायला लावा, सकाळी, डोकं फ्रेश असताना.

आणि ती वही वॉर्डात सोबत न्या. डेलिरियममध्ये पेशंट आरडाओरडाच करतो असं नाही, नुसता गप्प पडून राहतो, जेवत नाही, नजर देत नाही, आणि सगळ्यांना वाटतं आराम करतोय. असं दिसलं तर नर्सला वही दाखवून सांगा, "हे आधी असे नव्हते".